पाळीत मैदान सोडू नका

पोलीस भरतीच्या 800 मीटरची तयारी करणाऱ्या मुलींनी पाळीचे चार दिवस मैदानावर येऊच नये, असं काही जण म्हणतात. पटत नाही. कळा येत असतील तर वेग कमी करावा, बस. जास्त जपायचं ते पाळीआधीच्या आठवड्यात: अंगाचं तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढलेलं असतं, त्यात आपलं विदर्भाचं ऊन. उजाडताच धावणं उरका. दम लवकर लागतो? हिमोग्लोबिन तपासा, 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. तुरीच्या वरणावर, मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा अन् जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. सराव वाढल्यावर तीन महिने पाळीच आली नाही, तर तंदुरुस्ती समजू नका. बरेचदा खाणंच कमी पडत असतं, डॉक्टरांना दाखवाच.