कृषी महाविद्यालय शिवाजीनगरातून हलवायचं म्हणे!

मातीतला:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "पुण्याच्या मध्यातली कृषी कॉलेजची जमीन शहराला द्या, शेती शिकायला राहुरी आहे." डोकं फिरलं. १८७९ साली आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शेतीचे वर्ग सुरू झाले, १९०७ पासून कॉलेज स्वतंत्र. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८चं. पुण्याच्या या कॉलेजचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून दाखवलं की १७७१ साली एकेका शेतकऱ्याकडे सरासरी ४० एकर असलेली शेती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली. हे काम या आवारातून झालंय.

कोथरूडकर:
त्याच पिंपळे सौदागरात आज टॉवर आहेत. रेंजहिल्सचा मेट्रो डेपोही कॉलेजच्याच जमिनीवर झाला, आणि त्या मेट्रोत तुम्हीही बसता. शहर वाढणारच.

बार्शीचा_शेतकरी:
जमीन राहू द्या, मुलं जातात कुठे ते सांगा. चुलतभावाच्या हॉस्टेलच्या खोलीत गेलो होतो. कपाटभर एमपीएससीची पुस्तकं, पिकांवरचं एकही नाही! आणि मी एका प्रयोगशाळेत दिलेल्या मातीचा अहवाल सोयाबीन काढणीला आल्यावर हातात पडला.

वर्ग२_२०२६:
त्या खोलीतला मीच समजा. बीएस्सी ॲग्री, घरी तीन एकर कोरडवाहू, आम्ही दोघं भाऊ. काय पेरू आणि काय खाऊ? मान यांचं गणित आमच्या सातबाऱ्यावर आहे. परीक्षा देतो म्हणून शेतीशी गद्दारी केली असं कुणी म्हणू नये.

बार्शीचा_शेतकरी:
गद्दार कोण म्हणालं? पण सरकारी जागेवर शिकून तहसीलदार व्हायचं, तर शेताकडे कुणी बघायचं?

वर्ग२_२०२६:
तुमच्या पोराला तुम्ही शेतीच करायला लावणार का? खरं सांगा.

बार्शीचा_शेतकरी:
नाही लावणार. झालं समाधान?
आणि एक कबूल करतो. मागं 'रावे'साठी, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या अभ्यासक्रमासाठी, कृषीच्या मुली आमच्या गावात राहिल्या होत्या. त्यांनी आईला गुळाच्या पाण्यात रायझोबियम हे जिवाणू खत कालवून हरभऱ्याला हलक्या हातानं चोळायला शिकवलं, बी सावलीत सुकवायला लावलं. आई आजही पेरणीआधी तेच करते. तेवढं त्यांचं देणं आहे.

कोथरूडकर:
मग त्या मुली राहुरीत शिकल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मातीतला:
वर्ग राहुरीला भरतील हो. पण ज्या वाफ्याला वर्षानुवर्षं कोणतं खत किती घातलं, कोणतं पीक घेतलं याची नोंद आहे, तो वाफा ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. डेपोला दिली तेवढी पुरे. उरलेल्या जमिनीला हात लावू नका.