उत्तर: उराका आणि अल्फोन्सो
वर कुणीतरी म्हटलंय की लेओन-कास्तीलची (आजच्या स्पेनमधलं राज्य) राणी उराका आणि शेजारच्या अरागॉनचा राजा अल्फोन्सो यांचं लग्न धर्मामुळे मोडलं, पण मला तर धर्म निव्वळ निमित्त वाटतो. 1109 मध्ये लग्न झालं, दोघांचा पणजोबा एकच, नवाराचा राजा सांचो तिसरा, म्हणजे चर्चच्या नियमात बसतच नव्हतं, आणि टोलेडोचा आर्चबिशप बर्नार पहिल्यापासून विरोधात होता. पण खरी मेख उराकाचा पहिल्या लग्नाचा मुलगा, कारण अल्फोन्सोपासून मूल झालं असतं तर या पहिल्या मुलाचा गादीवरचा हक्क बुडत होता, मग त्याच्या बाजूचे गॅलिसियातले (स्पेनचा वायव्य कोपरा) सरदार गप्प बसतात होय! पुढे कांदेस्पिनाच्या लढाईत नवरा-बायकोच्या फौजाच एकमेकींना भिडल्या, आणि गंमत म्हणजे उराकाच्या सावत्र बहिणीचा नवरा, पोर्तुगालचा हेन्री, तिथे अल्फोन्सोकडून लढला. असले मेव्हणे!