स्कूट हेंडरसन: सूत्रं त्याच्या हाती द्यायची, की अजून बाकावरच?

ओरेगनकर (धागाकर्ता), जुलै २०२५

हिल्सबरोहून मॅक्सची निळी लाइन पकडायची, रोझ क्वार्टरला उतरायचं, समोर मोडा सेंटर. दोन वर्षं मी असाच वरच्या, ३०० नंबरच्या विभागातली स्वस्त तिकिटं काढून पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स, म्हणजे इथला एनबीएतला बास्केटबॉल संघ, बघतोय. खरं सांगायचं तर ब्लेझर्स नाही, स्कूट हेंडरसन बघतोय. बायको म्हणते, एवढं लक्ष पोराच्या गणिताकडे दिलं असतंस तर.

ज्यांना एनबीए म्हणजे लेब्रॉन आणि करी एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) पहिला वेंबान्यामा, दुसरा ब्रँडन मिलर, तिसरा हा. जॉर्जियातल्या मॅरिएटाचा. गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ चालवणारा. कॉलेजात गेलाच नाही. सतराव्या वर्षी जी लीगच्या (एनबीएची धाकटी लीग) इग्नाइट संघाशी करार करून मोकळा. ऑक्टोबर २०२२ मध्ये लास वेगासजवळ वेंबान्यामाच्या फ्रेंच संघाशी सामना झाला तेव्हा यानं २८ गुण आणि ९ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्यानं गुण केले असे पास) केले, आणि त्याचाच संघ जिंकला. त्या रात्री ज्यांनी तो सामना पाहिला ते सगळे माझ्यासारखे बिघडले.

इथे आला तेव्हा संघाचा जुना तारा डेमियन लिलार्ड जाणार हे ठरलेलं होतं. लिलार्ड मिलवॉकीला गेला आणि शहराची सगळी आशा या एकोणीस वर्षांच्या मुलावर येऊन पडली. पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी १४ गुण, ५.४ असिस्ट, पण नेम ३८.५ टक्के. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक चॉन्सी बिलप्सनी त्याला बहुतेक वेळा बाकावरून आणलं: १२.७ गुण, नेम ४१.९, तीन गुणांचा नेम ३२.५ वरून ३५.४.

वरून बघताना एक गोष्ट बुद्धिबळाच्या पटासारखी स्पष्ट दिसते. पहिल्या वर्षी स्कूटच्या हातात चेंडू असायचा, मोठा खेळाडू येऊन स्क्रीन लावायचा (वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा) आणि स्कूटला अडवणारा समोरचा गार्ड अंगावर यायच्याऐवजी स्क्रीनच्या मागच्या बाजूनं निवांत चालत जायचा. "मार बाबा लांबून, मारायचं असेल तर." आणि स्कूट मारायचा नाही. मग त्याच्या वेगाला वाटच उरायची नाही. गेल्या मोसमात तो तिथूनच उठून मारायला लागला. जानेवारीत ब्रुकलिनविरुद्ध ३९ गुण केले. हरलो आपण, पण मी परतीच्या गाडीत उभ्यानं आलो आणि पाय दुखले नाहीत.

आणि आता या उन्हाळ्यात संघानं काय केलं? अँफर्नी सायमन्स बॉस्टनला देऊन ३५ वर्षांचा जरू हॉलिडे आणला. वर लिलार्डलाही परत आणलं: ३ वर्षं, ४ कोटी २० लाख डॉलर, आणि टाचेची शीर तुटलेली असल्यामुळे येता मोसम तो खेळणारच नाही. म्हणजे दोन थोरले आणि मधे हा एकवीस वर्षांचा. माझं मत सरळ आहे: चेंडू स्कूटच्या हातात द्या, मोसमाचे ८२ सामने द्या, चुका करू द्या. नाहीतर ड्राफ्ट कशाला केलात?

---

पुलगेट

ओरेगनकर, लिहिलंय झकास, पण प्रेम आंधळं असतं.

आमच्याकडे तुमचा सामना सकाळी साडेआठला असतो. हिंजवडीच्या बसमध्ये कानात हेडफोन लावून मीही हा मुलगा दोन वर्षं पाहिलाय. "संधी द्या" म्हणता, पहिल्या वर्षी दिली नव्हती का? ६२ सामने खेळला. संघ २१ जिंकला, ६१ हरला. सामन्याला ३.४ टर्नओव्हर. म्हणजे मैदानावर असताना दर आठ-नऊ मिनिटांनी समोरच्यांना चेंडू दान. नवीन आहे, ठीक, माफ. पण तिसऱ्या नंबरवर घेतलेला गार्ड दुसऱ्या वर्षी बाकावरून येतो, याचा अर्थ प्रशिक्षकांनीही मनात उत्तर लिहून ठेवलंय.

आज बाजारात त्याला भाव आहे, कारण लोकांना अजून तो वेगासचा सामना आठवतो. अजून एक असाच मोसम गेला की कुणी विचारणार नाही. विका.

---

फ्रीमाँटची मामी

पुलगेट, भाव म्हणे! मुलगा आहे की हापूसची पेटी?

मी वॉरियर्सवाली (करीचा संघ), त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडं मीठ धरा. थोरले आणि धाकटे एकाच पंगतीत बसवायचा प्रयोग आमच्याकडे होऊन गेलाय. २०२० मध्ये जेम्स वाईजमनला दुसऱ्या नंबरवर घेतलं. करी, क्ले, ड्रेमंड जिंकायच्या घाईत. पोराला चूक करायची सोयच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला डेट्रॉइटला पाठवलं तेव्हा तो एकवीसचा होता. तुमचा स्कूट आत्ता आहे तेवढाच. मग कुमिंगा. एक दिवस पंचवीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन बसलेला. त्याचा करार अजून लोंबकळतोय, रोज नवी बातमी.

तुमचे हॉलिडे आणि लिलार्ड सज्जन आहेत, मान्य. सज्जन माणसाचीसुद्धा सावली पडतेच.

---

आकडेमोड

ओरेगनकर, पुलगेट, दोघांचेही आकडे बरोबर आहेत आणि दोघेही त्यातून भलतंच काढताय.

गेल्या मोसमात ब्लेझर्सचे पहिले ४१ सामने: १३ जिंकले, २८ हरले. पुढचे ४१: २३ जिंकले, १८ हरले. हा पालट कशानं झाला? बचावानं. टुमानी कमारा सर्वोत्तम बचावाच्या दुसऱ्या संघात निवडला गेला, क्लिंगन बास्केटखाली उभा राहायला लागला. आणि आक्रमणात चेंडू अधिकाधिक डेनी अव्दियाच्या हातात गेला. सहा फूट आठ इंचांचा माणूस चेंडू घेऊन पळत सुटतो आणि सरळ अंगावर येतो, त्याला अडवायला गार्ड पुरत नाहीत.

म्हणजे संघाला आपली वाट सापडली, पण ती स्कूटमधून जात नाही. खरी अडचण ही आहे. पुलगेट म्हणतो तसा मुलगा वाया गेलेला नाही. एका वर्षात नेम जवळपास साडेतीन टक्क्यांनी वाढला, टर्नओव्हर ३.४ वरून २.७ वर आले, तेही साधारण २७ मिनिटांत. पण तो सुधारत असताना "चेंडू सतत गार्डच्या हातात" ही त्याची जागाच संघातून नाहीशी होत चालली आहे.

आता पाच जण मोजा: हॉलिडे, शार्प, अव्दिया, कमारा, क्लिंगन. झाले पाच. कुणाला उठवता, ओरेगनकर?

---

ओरेगनकर

आकडेमोडताई, पाच जण मोजलेत तिथे मी जरा गप्प झालो. शार्पला उठवा म्हणावं, तर त्यानं गेल्या वर्षी १८.५ गुण केलेत. म्हणून राग गिळून बसतो.

पण पुलगेट, तुमच्या "विका"ला उत्तर खुद्द बिलप्सच आहेत. तेही तिसरेच, १९९७ ला. बॉस्टननं ५१ सामन्यांनंतर टोरांटोला देऊन टाकलं. मग डेन्व्हर, ऑरलँडो, मिनेसोटा. माणूस टाकाऊ म्हणून फिरत होता. २००२ मध्ये डेट्रॉइटला गेले आणि २००४ मध्ये विजेतेपद आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू. वय २७. स्टीव्ह नॅशसुद्धा तसाच: १९९९ मध्ये डॅलसचे घरचेच लोक त्याला हुर्यो करत होते. गार्डला वेळ लागतो. उंच माणूस उंचीवर निभावतो. गार्डला आधी नऊ जण कुठे आहेत ते कळावं लागतं.

---

पुलगेट

बिलप्सचं उदाहरण माझ्या खात्यात जमा करून घेतो, धन्यवाद. घडायला लागलेला वेळ आणि खर्च बॉस्टन, टोरांटो, डेन्व्हर, मिनेसोटा यांचा, विजेतेपदाची अंगठी डेट्रॉइटची. मग आपण बॉस्टन कशाला व्हायचं? त्यापेक्षा दुसऱ्या कुणाचा तरी बाकावरचा बिलप्स उचलावा. आणि जे न घडलेले तिसरे-चौथे नंबर आहेत त्यांची नावं कुणी लिहीत नाही, कारण ती कुणाला आठवत नाहीत.

---

संत्रानगरी

भाऊ, मी नागपुरात सोळा वर्षांखालच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. सिमेंटचं ग्राउंड, एप्रिलात सकाळी सहाला सुरू केलं नाही तर बूट चिकटते. त्यामुळे एनबीएवर बोलायचा अधिकार मला किती, ते तुम्ही ठरवा.

दर बॅचमध्ये एक पोरगं असं येतं की ज्याच्या पायाला स्प्रिंग आहे. बाकीची पोरं ड्रिबल शिकतात, पास शिकतात, थांबून बघायला शिकतात. हा काही शिकत नाही, कारण त्याला गरजच नाही पडत. चेंडू घेतला, पळाला, टाकला. माझी पंचाईत तीच असते. त्याच्यासाठी मी फ्री थ्रोच्या रेषेच्या जरा आत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवतो. पूर्ण वेगात यायचं आणि खुर्चीला न लागता दोन्ही पायांवर एकदम थांबायचं. बस, थांबायचं. शॉट नाही, पास नाही. पहिले आठ दिवस खुर्ची उडते. पंधराव्या दिवशी तो थांबतो, मान वर करतो आणि म्हणतो, "सर, कोपऱ्यात तो एकटाच उभा आहे." तो तिथे आधीपासूनच उभा असते ना बाबा!

स्कूटचं मला तेच दिसलं. सतराव्या वर्षी मोठ्या माणसांत खेळला, तिथेही वेग पुरला. इग्नाइट संघ तरी कसा? ना गाव त्यांचं, ना हरल्याचं कुणाला दुःख. सगळे जण ड्राफ्टसाठी दुकान मांडून बसलेले. २०२४ मध्ये लीगनं तो उपक्रमच गुंडाळला. म्हणजे तो खुर्चीपाशी पहिल्यांदा आला तो थेट एनबीएत, वीस हजार लोकांसमोर. लिलार्ड एनबीएत आला तेव्हा बावीसचा होता, कॉलेजात चार वर्षं काढून. स्कूट आत्ता एकवीसचा आहे. हा हिशेब कुणी करत नाही.

म्हणून हॉलिडेबद्दल मी मामींच्या उलट बोलतो. त्याच्या पहिल्या पावलाचा वेग आता पूर्वीचा राहिला नाही, तरी तो आत जाते कसा? खांदा लावतो, थांबतो, समोरच्याला हवेत जाऊ देतो, मग टाकतो. रोज सरावात हे अंगावर झेलणं म्हणजे फुकटची शाळा. वाईजमन उंच होता, करीकडून तो काय शिकणार होता? इथे गार्डला गार्ड शिकवणार आहे.

---

फ्रीमाँटची मामी

सर, पटलं. अर्धं. शाळा चांगली आहे, पण परीक्षा कधी? सरावात शिकायचं आणि सामन्यात १८ मिनिटं, हे आमच्याकडे असंच सुरू झालं होतं.

(खुर्चीचा प्रयोग धाकट्याकडून गॅरेजसमोर करून घेतला. पहिल्याच फेरीत खुर्चीचा पाय मोडला. कळवतेय.)

---

आकडेमोड

मामींच्या प्रश्नाचं उत्तर करारात आहे.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा नवखा करार ४ वर्षांचा असतो, आणि तिसरा मोसम संपला की मुदतवाढीची बोलणी होऊ शकतात. स्कूटसाठी ती वेळ २०२६ च्या उन्हाळ्यात. तोवर हॉलिडेचे ३ वर्षांत मिळून सुमारे १० कोटी ४० लाख डॉलर वहीत आलेले असतील, लिलार्डचे आहेतच, शार्पही दारात उभा असेल. शिवाय संघच विकायला काढलाय. पॉल ॲलन २०१८ मध्ये गेले, या मे महिन्यात विक्री जाहीर झाली. सरव्यवस्थापक क्रोनिन यांनी हा मुलगा निवडला. नव्या मालकाला त्याच्याबद्दल काडीची माया असायचं कारण नाही. त्याला आकडा दिसेल.

तेव्हा परीक्षा याच मोसमात. आणि तिच्यासाठी जागाही आहे, फक्त ओरेगनकरांना हवी ती नाही. सायमन्सचे १९.३ गुण संघातून गेलेत, लिलार्ड सुटात बसणार, हॉलिडे सगळे सामने पूर्ण वेळ खेळणार नाही. सुरुवात बाकावरून झाली तरी तिशीच्या आसपास मिनिटं सहज निघतात. सुरुवातीच्या पाचांत नाव नाही म्हणून रडण्यापेक्षा शेवटच्या पाच मिनिटांत कोण मैदानावर आहे ते बघा.

---

ओरेगनकर

बरं. "८२ सामने चेंडू त्याच्याच हातात" हे मागे घेतो. बाकावरून येऊ दे. पण शेवटच्या पाच मिनिटांत तो आणि अव्दिया दोघं मैदानावर हवेत, हॉलिडे कोपऱ्यात उभा राहू दे. अव्दिया आत घुसला की बचाव त्याच्याकडे ओढला जातो, तेव्हा चेंडू स्कूटकडे आला तर त्याच्यापुढे मोकळी वाट असते. त्याला दहा फुटांची मोकळी वाट मिळाली की काय होतं ते मी वरून पाहिलंय. शेजारचा अनोळखी म्हातारा माझा दंड धरून ओरडला होता.

आणि विकायचं नाही. या मुद्द्यावर तसूभर हलणार नाही.

---

पुलगेट

मी हलेन, पण पुरावा द्या. पहिले २० सामने. सामन्याला टर्नओव्हर अडीचच्या आत राहिले, तर डिसेंबरात तुम्ही पुण्यात आलात की मिसळ माझ्याकडून. वर गेले तर तुमच्याकडून, आणि "विका" असा नवा धागा तुम्हीच काढायचा.

---

ओरेगनकर

मंजूर. मिसळीबरोबर ताकही.

---

आकडेमोड

थांबा, थांबा. एकूण टर्नओव्हर धरू नका, ३६ मिनिटांमागे किती ते धरा. नाहीतर त्याला पंधरा मिनिटं मिळाली तरी ओरेगनकर जिंकतील.

---

संत्रानगरी

अन् पाय मोडलेली खुर्ची कोणाच्या खात्यात?