पुन्हा: पणजोबांची नोंद, सोमवारच्या आत कळवा

विनय
मंडळी, घाईत लिहितोय. चुलतभाऊ सोमवारी देवगडला तहसील कचेरीत जातोय, पुढे वर्षभर त्याला सवड नाही. पणजोबा गोविंद राघो, मुंबईला गिरणीत साचा खात्यात (मागावर) होते, 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेले. हाताशी एवढंच, आणि एक पितळी बिल्ला: 417. गिरणीचं नाव नाही त्यावर. अर्जात आडनाव काय घालू? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे, बाबांच्या दाखल्यावर भलतंच. गणपतीत मीनाताई म्हणाल्या होत्या ते कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, तेच मागायचं ना?

मीनाताई
तेच. आणि आडनाव घालूच नकोस. आमच्या भाच्याने घातलं, तर कारकुनाने दोन मिनिटांत 'नोंद आढळत नाही' लिहून हातात दिलं. नंतर बापाच्या नावावर शोधलं तेव्हा मिळालं. आमच्या वहीत तर पोराचंही नाव नव्हतं, 'अमक्याला मुलगा' एवढंच. म्हणून आजोबांचा जन्मही 'गोविंद राघो यास मुलगा' असाच शोधायला सांग. मोडीत असेल तर फोटो पाठवा, मी वाचते. पण फोटो सरळ काढा रे, मागच्या वेळी मान वाकडी करून वाचलंय.

अण्णा
एवढा खटाटोप कशाला? मंडळाच्या वाचनालयात चार कुलवृत्तांत आहेत. आधी ते चाळावेत.

सुहास
अण्णा, कुलवृत्तांत ज्यांचे छापले त्यांचे. साचेवाल्याचा कोण छापणार? माझी आजी करी रोडला खानावळ चालवायची. जेवणाऱ्यांची वही होती, त्यात 'धोंडू रातपाळी', 'धोंडू चष्मेवाला', 'धोंडू (गेला गावी, बाकी दोन महिने)'. आडनाव एकाचंही नाही, पण कोण कुठल्या पाळीला, कोणाची किती उधारी, सगळं होतं. चाळ सोडताना काकाने रद्दीत घातली. अजून चरफडतो मी.

अण्णा
मी तसं म्हटलेलं नाही. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, एवढंच सुचवायचं होतं. आणि रद्दीवरून आठवलं, मंडळाच्या पहिल्या वर्षांच्या वर्गणीच्या वह्या मागच्या कार्यकारिणीने कुठे ठेवल्या?

शैला
वह्यांचं नंतर बघू, अण्णा. विनय, पणजोबा गेले कुठे? मुंबईत गेले असतील तर देवगडला मृत्यूची नोंद असेल कशी? ती मुंबई महापालिकेकडे.

मीनाताई
शैला, साथ आली की लोक गावाकडे पळायचे. 1896 च्या प्लेगातही तेच झालं. आधी गावी बघ, मग मुंबई. आणि 2023 पासून कुणबी नोंदी शोधताना बऱ्याच जिल्ह्यांनी जुने मोडी कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलेत, तेही बघून घे.

अण्णा
आरक्षणाचा विषय या यादीवर नको, असं ठरलं आहे.

मीनाताई
आरक्षणावर कोण बोलतंय? मी मोडीवर बोलतेय.

सुहास
विनय, बिल्ल्याच्या मागे लागू नकोस. नुसत्या तिकीट नंबरावरून गिरणी कळत नाही. त्यापेक्षा भावाला वाडीतल्या शेजारच्या घरात विचारायला सांग, त्यांचे पणजोबा कुठल्या गिरणीत होते? जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आपल्याच गावची माणसं भरायचा, एक लागला की त्याच्यामागून चारजण. गाववाल्यांची खोली लालबाग-परळकडे कुठे होती का, तिच्या वर्गणीची वही कोणाकडे आहे, तेही विचार. तीत नाव सापडलं तर कोण कोणाबरोबर राहायचं ते कळतं. आणि हो, जिल्हा 'सिंधुदुर्ग' म्हणून शोधाल तर जुन्यात काही मिळणार नाही. 1981 पर्यंत ते सगळं रत्नागिरीच.

शैला
सुहास, 'धोंडू चष्मेवाला' त्या काळात? गिरणीत चष्मा?

सुहास
ताई, साच्यावर तुटलेला धागा दिसायला नको का? उधारीत घेतला होता, तेही वहीत होतं.

विनय
सगळ्यांचे आभार. आडनाव गाळतो, जिल्हा रत्नागिरी, शेजारच्या घरी विचारायला सांगितलंय. आत्ताच भावाचा निरोप आला: 'राघो' की 'राघोबा'? घरात दोन्ही म्हणतात.

मीनाताई
दोन्ही लिहा. रघुनाथही. आणि फोटो सरळ.