पूर मुद्दाम आणायचा? डोकं ठिकाणावर आहे काय?

मळीवाला (रायबाग): काल 'वाळुंज'नं लिहिलं, ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या कूंड्रूक-पेरिकूटा जंगलात कालवा काढून पूर सोडतात, तसं कृष्णेलाही पसरायला जागा द्या. 2019 ला आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं. म्हशींची दावी कोयत्यानं तोडली. पुढं महिनाभर घरात कुजक्या उसाचा वास. पूर हवाय म्हणे! आमचा घेऊन जा, भाडं मी देतो.

वाळुंज: दादा, पोस्ट पुरती वाचा की. मरेवरचं ह्यूम धरण 1936 ला पुरं झालं, नदी पाटासारखी चालायला लागली, जंगलात चढणारं पाणी कमी झालं. तिथली रेड गमची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. म्हणून मरेवरच्याच टोरमबरी बंधाऱ्याच्या फुगवट्यातनं, म्हणजे अडून मागं चढलेल्या पाण्यातनं, कालवा काढला, दारं बसवली. पाणी उतारानं जातं. रानात सोडतात, गावात नाही.

अथणीकर: फुगवटा म्हणालात ना? मग कृष्णेवरच्या खालच्या अलमट्टी धरणाचं बोला आधी! पाण्याची पातळी 519.6 मीटरवरनं 524.256 ला न्यायला 2010 ला कृष्णा पाणी लवादानं मुभा दिली. सगळं मूळ तिथं.

वाळुंज: महाराष्ट्र सरकारच्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही.

अथणीकर: समिती आमच्या बांधावर उभी होती काय? पाऊस उघडला तरी पाणी जागचं हलत नव्हतं, ह्या डोळ्यांनी बघितलंय. अहवाल तुमच्याकडं, गाळ आमच्याकडं!

शहापूरची सून: आमच्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावर पण बोला कुणीतरी. नट्टी (भाताची लावणी) केली की नाला भातात शिरलाच. रोप कुजतं, वर जलपर्णी.

मळीवाला: वहिनी, विषय काय, तुमचं काय! वाळुंज, 2010-11 ला त्याच मरेचं पाणी पुरात काळं पडून मासे मेले, ते का नाही लिहिलंस?

वाळुंज: मेले. दुष्काळात वर्षानुवर्षं साचलेला पाला एकदम कुजला, पाण्यातला प्राणवायू संपला. वरचेवर पूर आला असता तर एवढा पाला साचलाच नसता. माझी बाजू मांडल्याबद्दल आभार.

अथणीकर: अलमट्टीला बगल दिलीच शेवटी.

मळीवाला: काठाला करंज-वाळुंजाची झाडं होती तवा पाण्याची धार मोडायची, आजा सांगायचा. तेवढं कबूल. आता पार मोटारीपर्यंत ऊस आहे, माझाही. सोडतो काठचा पट्टा, दरसाल एकरी उसाचं बिल तू भर. खाते क्रमांक पाठवू?

शहापूरची सून: आणि नाला?