फॉन्टच्या आधी ओळींमधलं अंतर
स्मरणिकेसाठी कोणता फॉन्ट घ्यावा असं तुम्ही विचारलंय, पण त्याआधी ओळींमधलं अंतर, म्हणजे एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचं, ठरवा. सॉफ्टवेअर आपोआप देतं ते बहुधा अक्षराच्या १२० टक्के असतं, म्हणजे १० पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षरांचं माप) अक्षराला १२ पॉइंट. रोमन लिपीला तेवढं पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. वरच्या ओळीतला 'कृ' खालच्या ओळीतल्या 'र्कीं'ला जाऊन भिडतो. मी १२ पॉइंटच्या मजकुराला १७-१८ पॉइंट देते. पान लगेच मोकळं वाटतं.

अरुंद रकान्यातला मजकूर दोन्ही कडांना जुळवू नका. 'कार्यकर्त्यांसाठीसुद्धा' असा लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागच्या ओळीत खिंडारं पडतात. डावीकडे जुळवलेलंच बरं.

फॉन्ट दोन पुरेत. मजकुराला मुक्ता, मथळ्याला बालू घ्या. दोन्ही युनिकोड (म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर नीट दिसतो), मोफत, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेले.

छापखान्यात देताना कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा, पानाबाहेर वाढवलेला छपाईचा भाग), फोटो ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत. आणि मजकूर निव्वळ काळ्या शाईतच ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा हलला, तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.