सर्वांत मानाचा खेळ कोणता? माझ्या मते १०० मीटर

टेकडीकर:
नेमबाज स्वप्नील कुसळे पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ घेऊन आला, तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत एक वाद चाललाय, तो इथे मांडतो. जगात पहिलं यायचंच असेल, तर कोणत्या खेळात पहिलं येणं सर्वांत मानाचं? पैसा आणि टीव्ही बाजूला ठेवून सांगा.

माझं उत्तर ठाम आहे: १०० मीटर धावणं. तुम्ही किती जणांना मागे टाकून वर आलात, त्यावर मान ठरतो. क्रिकेटमध्ये कसोटीचा दर्जा असलेले देश १२. फुटबॉलचं जग मोठं, फिफाच्या सदस्य संघटना २११. पण तिथे अकरा जणांच्या खेळातून एकाला सर्वश्रेष्ठ ठरवायला मतदान घ्यावं लागतं. धावणं मात्र जगातल्या जवळजवळ प्रत्येक पोरानं करून पाहिलेलं असतं. वर्गात सगळ्यांत जोरात कोण पळतं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं. चाळणी तिथूनच लागते आणि बोल्टच्या ९.५८ सेकंदांपाशी येऊन थांबते. बर्लिन, २००९. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. अनिमेष कुजूरनं २०२५मध्ये १०.१८चा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा आपण केवढा आनंद केला! बोल्ट त्याच्याही सहा दशांश सेकंद पुढे. निवड समिती नाही, नाणेफेक नाही, महागडं साहित्य नाही.

तालीमकर:
साफ अमान्य. मान डोकी मोजून मिळत नाही, माणसं देतात तेव्हा मिळतो. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आल्यावर गावानं बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. आता तुम्ही सांगा, त्याच हेलसिंकीत १०० मीटर कोण जिंकलं? लिंडी रेमिजिनो, अमेरिकेचा. इथल्या किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं?

आजही शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारतात, माती उकरतात. खुराकाला बदाम, दूध, तूप लागतं आणि त्यासाठी घरचे स्वतःच्या ताटातलं कमी करतात. कशासाठी? महाराष्ट्र केसरीच्या चांदीच्या गदेसाठी. १९६१पासून हा किताब चालत आलाय. ज्यासाठी घरंच्या घरं झिजतात तो मान मोठा. तुमच्या १०० मीटरसाठी पुण्यात कोण एवढं झिजतं?

टेकडीकर:
रेमिजिनो विसरला गेला, बरोबर. पण त्याच हेलसिंकीतला एमिल झाटोपेक? ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, एकाच ऑलिंपिकमध्ये तिन्ही सुवर्णं. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. ही कामगिरी पुन्हा कुणाला जमली नाही. धावणाऱ्यांची नावं राहत नाहीत असं म्हणू नका.

कॅम्पातला:
क्रिकेटचे देश मोजणारे एक विसरतात. एकट्या भारतात अकरा जागांसाठी जेवढी पोरं झगडतात, तेवढे खेळाडू कित्येक ऑलिंपिक खेळांत जगभर मिळून नसतील. तेव्हा चाळणी आमचीही बारीकच आहे. आणि पुण्यानं तर काय पाहिलंय! डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीत कुणाही भारतीयानं केलेली ती आजवरची सर्वांत मोठी खेळी.

टेकडीकर:
बरं झालं तुम्हीच नाव काढलंत. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम मोडायला निंबाळकरांना अवघ्या १० धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडला आणि संघ घेऊन निघून गेला. पुढे निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. एवढा मोठा फलंदाज, आणि त्याचं मोठेपण कुठवर जाणार हे दुसऱ्यांनी ठरवलं! मला हे वाचताना दर वेळी राग येतो. शर्यतीत शेजारचा पळून गेला तरी घड्याळ चालूच राहतं.

कॅम्पातला:
घड्याळ चालू राहतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा कसा? १९८८, सोल. बेन जॉन्सननं ९.७९ नोंदवले, तीन दिवसांत पदक काढून घेतलं, कारण उत्तेजक. आता कुणी फार जोरात पळालं की कौतुकाआधी शंका येते. ज्या खेळात पहिल्या आलेल्याकडे लोक संशयानं बघतात, तो सर्वांत मानाचा कसा?

पटावरची:
मग बुद्धिबळ घ्या. १८८६च्या स्टाइनिट्झपासून जगज्जेत्यांची परंपरा आहे. २०२४मध्ये सिंगापूरला गुकेशनं डिंग लिरेनला हरवलं, वय १८. उंची, स्नायू, जन्माचा देश, कशाचीच अडचण नाही. २०२५मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ग्रँडमास्टर झाली. तुमच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत आपलं कुणी कधी दिसलंय? सगळ्यांना खुलं, सगळ्यांना खुलं म्हणता, आणि शेवटच्या रेषेवर तेच तेच देश.

खोखोपटू:
मी शाळेपासून खो-खो खेळले, म्हणून मला हा धागा वाचून वाईट वाटतंय. खो-खोला नियमांची घडी आपल्या डेक्कन जिमखान्यानं घालून दिली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारतानं जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. खांबावरून सूर मारताना कोपरं सोलवटतात, तेव्हा जगात हा खेळ किती जण खेळतात याचा हिशोब कुणी करत नाही. टेकडीकर, तुमच्या मापानं या मुलींचा मान किती?

टेकडीकर:
ताई, कष्ट तेवढेच, कौशल्य तेवढंच. पण जगज्जेतेपद म्हणून विचाराल, तर खो-खोचं १०० मीटरपेक्षा लहान. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही. २० वर्षांनी शंभर देश खो-खो खेळू लागले तर त्याच किताबाचं वजन वाढेल, आणि ते वाढावं असं मलाही मनापासून वाटतं.

थेरगावकर:
आमच्या थेरगावच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव कुणीच घेतलं नाही. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्याआधी ते सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. पद्मश्री २०१८ला. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये. पदकानंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळानं! तेव्हा त्यांच्याबरोबर किती जण पोहले, हे मोजून तुम्ही मान ठरवणार? माणूस कुठून उठून तिथवर गेला, ते माप का नको?

खोखोपटू:
हेच मला म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

तालीमकर:
टेकडीकर, थेरगावकरांना उत्तर द्या. आणि माझ्या गदेचंही राहिलंय.

टेकडीकर:
पेटकरांचा मान त्या माणसाचा आहे, आणि तो मी बोल्टच्या वरही ठेवीन. पण धागा खेळातल्या पहिल्या क्रमांकाबद्दल आहे. माणूस आणि क्रमांक हे दोन हिशोब मी एकत्र करणार नाही.

गदेचं म्हणाल, तर खाशाबांचंच बघा. ते मातीतून उठून मॅटवर गेले, जिथे जग होतं. तिथे जपानचा इशी पहिला, सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह दुसरा, आपले खाशाबा तिसरे. म्हणजे तुमच्या सर्वांत मोठ्या पैलवानाचा सर्वांत मोठा मान तिसऱ्या क्रमांकाचा आहे, आणि तो पहिल्या क्रमांकाच्या कितीतरी गदांपेक्षा जड आहे. समोर कोण आणि किती होते यामुळेच ना? नसेल, तर दुसरं कारण सांगा. मी वाचायला तयार आहे.